खिडकी पाचपर्यंत उघडी राहील

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्याचा हात शटरखाली होता आणि शटरची मूठ तिच्या हातात होती.

"हात काढा," ती म्हणाली.

"पण पाच वाजलेले नाहीत."

"वाजलेत."

"पण माझ्या घड्याळात—"

"तुमच्या घड्याळावर हे कोर्ट चालत नाही. हात काढा, चेंगरेल."

त्यानं हात काढला आणि शटर खाली आलं. पूर्ण बंद होण्याआधी तिला दिसलं ते एवढंच… पावसानं कपाळावर चिकटलेले केस, कोटाच्या आत लहान मुलासारखी धरलेली फाइल, आणि चिडायचं सोडून हसणारे दोन डोळे. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे तिला घरी जाईपर्यंत उमगलं नाही. घरी आत्यानं मात्र विचारलंच, आज गालातल्या गालात कशाला हसतेस म्हणून.

ती कोर्टाच्या दाखल-खिडकीवर बसायची. कुठलंही अपील न्यायाधीशापर्यंत जायचं तर आधी तिच्या खिडकीतून आत यावं लागे. ती पानं तपासायची, तारीख आणि वेळेचा शिक्का मारायची आणि पोच द्यायची. खिडकीवर पाटी होती: 'ही खिडकी सायंकाळी पाचपर्यंत उघडी राहील.' घंटा झाली की ती शटर ओढायची, मग समोर कुणी बडा माणूस असो की दारावरचा शिपाई. अख्ख्या कोर्टात तिला घड्याळबाई म्हणत, आणि हे नाव प्रेमानं पडलेलं नव्हतं.

हा ताठा काही उगाच आला नव्हता. ती लहान असताना तिचे वडील अशाच एका खिडकीशी कागद घेऊन उभे होते. आतल्या माणसानं त्यांना 'बंद झालं' म्हणून सांगितलं, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आपल्या ओळखीच्या माणसाचा कागद मात्र हसत हसत घेतला. त्या एका कागदापायी वडिलांचं दुकान गेलं. ती तेव्हा त्यांचं बोट धरून उभी होती. वडिलांचा चेहरा ती विसरली नाही, आणि खिडकीतल्या त्या माणसाचाही.

आणि तो? त्याला सगळे पणवकील म्हणायचे. एका बुजुर्ग वकिलांच्या हाताखाली नवाच लागलेला. कुणीही काहीही म्हणो, त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'पण'. चहा गोड आहे म्हटलं तरी म्हणेल, पण कप फुटका आहे.

तर असा हा प्राणी दुसऱ्यांदा भेटला तो भलत्याच ठिकाणी. संध्याकाळी ती कायद्याच्या वर्गाला जायची. शिकवायला एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुमच्या उत्तरपत्रिका माझा एक जुना विद्यार्थी तपासेल, आणि मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिनं वळून पाहिलं. तोच… आणि पुन्हा हसत होता.

सरांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, कायदा म्हणजे काय. तिनं हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की ज्याला अधिकार आहे त्यानं ठरलेल्या रीतीनं केलेला नियम म्हणजे कायदा. तो चांगला की वाईट, हा प्रश्न वेगळा, तो नंतर विचारावा. मागून 'पण' आलाच. त्याचं म्हणणं, ज्यात न्याय नाही तो कायदाच नव्हे, ती नुसती दांडगाई. माणूस जन्मतो तेव्हाच बरंवाईट कळणारं काळीज घेऊन येतो, आणि कागद त्या काळजाला विचारूनच लिहायला हवा.

सरांनी दोघांनाही झटकून टाकलं. "दोघंही पुस्तकातले किडे. समोर बसलेला न्यायाधीश त्या दिवशी जे करेल, तो कायदा. तेव्हा कलमं पाठ करण्याआधी त्याची झोप झालीय का, पोट बरं आहे का, ते बघून या."

या तिन्ही पंथांना पुस्तकात जड जड नावं होती. वर्गानं आठवड्याभरात आपली नावं ठेवली: खिडकीवाले, काळीजवाले आणि पोटवाले.

वर्ग सुटला की बसथांब्यापर्यंतचा रस्ता एकच होता. तो छत्री कधीच आणायचा नाही. त्यामुळे छत्री तिची आणि वाद त्याचा, असं चालायचं. छत्री धरायचा तोच, आणि अशी तिरकी धरायचा की तिच्या अंगावर थेंब नाही आणि त्याचा डावा खांदा चिंब. तिला ते दिसायचं. दिसूनही ती बोलायची नाही, कारण बोललं की तो छत्री सरळ धरेल, आणि का कोण जाणे… ते तिला नको होतं.

काही दिवसांनी 'तुम्ही'चं 'तू' झालं. तेव्हा तिनं लगेच नियम करून टाकला, की खिडकीत तुम्ही आणि बाहेर तू.

"पण का?"

"कारण खिडकीत मी मी नसते."

"मग कोण असतेस?"

"पाटी," ती म्हणाली. तो इतका हसला की छत्री उलटली.

अशात त्याच्याकडे एका आजोबांचा खटला आला. आजोबा म्हणजे वाद्यं जुळवणारे. पियानो असो की पेटी, नुसत्या कानावर सुरात आणून द्यायचे. जन्मापासून अंध. त्यांना घरोघरी नेणारा एक मोठा, भुऱ्या रंगाचा, गंभीर चेहऱ्याचा कुत्रा होता आणि त्याचं नाव साहेब. आजोबा नवीन इमारतीत राहायला आले, आणि तिथे जिन्यात नियम लावलेला: 'या इमारतीत कोणीही प्राणी ठेवू नयेत.' शेजारी कोर्टात गेले. खालच्या कोर्टानं निकाल दिला की नियम स्पष्ट आहे, साहेबानं महिनाअखेर घर सोडावं. आता सगळी भिस्त अपिलावर होती.

आजोबा पहिल्यांदा कोर्टात आले तेव्हा त्यानं त्यांची तिच्याशी गाठ घालून दिली. ती म्हणाली, वाईट वाटतं, तरी नियम स्पष्ट आहे, कुत्रा हा प्राणीच. बोलताना तिचा हात साहेबाच्या कानामागे खाजवत होता, आणि साहेबानं डोळे मिटून मान तिच्या गुडघ्यावर टेकवली होती.

"तो प्राणी नाही," पणवकील म्हणाला. "ते आजोबांचे डोळे आहेत."

आजोबा दोघांचं ऐकत होते. म्हणाले, तुम्ही भांडत राहा बाबांनो, भांडण ऐकून साहेब शेपूट हलवतोय, एरवी तो फार कुणापुढे हलवत नाही.

अपिलाचा शेवटचा दिवस उजाडला. हेडक्लार्क रजेवर, त्यामुळे खिडकीवर ती एकटी. चहाला दहा मिनिटं मिळायची. तिनं 'परत येत आहे'ची पाटी अडकवली आणि खाली कॅन्टीनमध्ये गेली. मागोमाग तो धावत आला. खिडकीशी जाऊन आलो, तिथे कुणी नाही, चल, आज शेवटचा दिवस आहे, म्हणाला. फाइल छातीशी धरलेली, कोट भिजलेला.

वेळ भरपूर होता. म्हणजे… होता असं तिला वाटलं. त्याच आठवड्यात वर्ग संपणार होते. वर्ग संपले की बसथांब्याचा रस्ता संपला, छत्री संपली. तो रोज कोर्टात दिसेल, पण खिडकीच्या पलीकडून, तुम्ही-आम्ही करत. तिनं कपात पाहिलं. दोनच घोट उरले होते. मग तिनं जाणूनबुजून ते वाक्य टाकलं, जे ऐकून तो उभा राहूच शकणार नव्हता.

"तसा तुझा आजोबांचा खटला कायद्यात बसत नाहीच."

"पण—" म्हणत त्यानं खुर्ची ओढली.

आणि जुंपली. तो म्हणाला, समज, तुझ्या खिडकीशी कुणी जीव मुठीत घेऊन आलाय, पाचला एक क्षण उशिरा, तू शटर ओढशील? ती म्हणाली, ओढेन. तो म्हणाला, दगड आहेस. ती म्हणाली, आज एकाची दया आली म्हणून उघडली, की उद्या ओळखीच्यासाठी उघडते. "माझी खिडकी सगळ्यांना सारखी बंद होते, म्हणूनच सगळ्यांना सारखी उघडते. हे तुला नाही कळायचं. तू त्या रांगेत उभा राहिलेला नाहीस."

तेव्हा तिनं त्याला वडिलांची गोष्ट सांगितली. कधीच कुणाला सांगितली नव्हती. त्याच्या तोंडून 'पण' आला नाही. टेबलावर सांडलेल्या चहात तो बोटानं रेघ ओढत होता. ती रेघ हळूहळू तिच्या बोटांच्या दिशेनं येत होती, आणि तिनं हात मागे घेतला नाही…

घंटा झाली.

पाचची. दोघांच्याही चेहऱ्यावरचा रंग उडाला. खुर्च्या पडल्या, जिने धडधडले, पण वर पोहोचेपर्यंत शिपायानं तिच्याच शिस्तीनं शटर ओढून टाकलं होतं. 'परत येत आहे' ही पाटी त्याच्यापुढे अजून हलत होती.

तिनं किल्लीनं बाजूचं दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं, कॉरिडॉर रिकामा होता. टेबलावर शिक्क्याचं यंत्र, त्यावर काटा पाचच्या पुढे गेलेला. यंत्राच्या कडेला एक लहानसं चाक होतं, घड्याळ मागेपुढे झालं तर जुळवून घ्यायला. ते तो बघत होता. तीही बघत होती.

"चाक मागे फिरतं," तो अगदी हळू म्हणाला.

"हे तुम्ही मला सांगू नका."

"पण चूक माझ्या एकट्याची नाही."

"नाही. माझीच जास्त आहे."

"मग फिरव. कुणाचं काय जाणार आहे? तिकडे एका आंधळ्या माणसाचे डोळे जातील."

चाक बोटाशी होतं. फक्त नखभर फिरवायचं, आणि सगळ्यांचं भलं. आजोबांचं, याचं, तिचं स्वतःचंही… आणि तिला खिडकीतल्या त्या माणसाचा हसरा चेहरा आठवला, ओळखीच्यासाठी कागद घेणारा. त्यालाही तेव्हा असंच वाटलं असेल, कुणाचं काय जाणार आहे.

तिनं फाइल घेतली आणि खऱ्या वेळेचा शिक्का मारला. त्या रिकाम्या खोलीत आवाज केवढा तरी मोठा झाला.

त्यानं पोच घेतली, घडी करून खिशात टाकली. "आजोबांना काय सांगू? तुमचा साहेब गेला, पण खिडकीची पाटी वाचली?" तो गेला. शेवटच्या वर्गाला तो आला नाही. ती एकटीच बसथांब्यापर्यंत गेली, पाऊस चालूच होता, आणि तिला पहिल्यांदाच कळलं की आपली छत्री एका माणसाला फार मोठी आहे.

उशिरा आलेलं अपील चालायचं, तर उशीर माफ करावा म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यात पटण्यासारखं कारण द्यावं लागतं. तो अर्ज घेऊन तो खिडकीशी आला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिनं रिवाजाप्रमाणे विचारलं, कारण.

"वकिलाचा निष्काळजीपणा."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे चालणार नाही. वकिलाच्या चुकीला कुठलाच न्यायाधीश माफी देत नाही. उलट तुमच्यावर ताशेरे येतील, सनदेवर गदा येईल. खिडकीवर कुणी नव्हतं, हे का नाही लिहिलंत?"

त्यानं वळून पाहिलं. मागे रांग खोळंबली होती.

"ते लिहिलं तर तुमची नोकरी जाईल."

न्याय, काळीज, सत्य… म्हणून छत्रीखाली तिचे कान किटवणारा हा माणूस खरं कारण गिळून बसला होता, आणि तेही तिच्यासाठी. तिला रडूही आलं आणि रागही आला. आधी राग बाहेर पडला.

"तुझे अशील आजोबा आहेत. मी नाही. मला वाचवायला तू त्यांचे डोळे काढून देणार?"

"खिडकीत तुम्ही," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"गप्प बस," ती म्हणाली, आणि रांगेतल्या दोघातिघांनी माना वर केल्या.

त्या संध्याकाळी तिनं आत्याबरोबर कपड्यांच्या घड्या घालता घालता सगळं सांगितलं. मी स्वतः शपथेवर सांगणार आहे, त्या वेळी खिडकी रिकामी होती म्हणून. नोकरी गेली तर घरात चणचण होईल. आत्यानं चादरीचं टोक तिच्या हातात दिलं. "तुझ्या बापाला त्या खिडकीत काय हवं होतं? खरं बोलणारं एक माणूस. दुसरं काही मागितलं नव्हतं त्यानं." मग म्हणाली, "आणि त्या पोराचं काय?" त्याचा काय संबंध, असं ही म्हणाली. आत्यानं चादर झटकली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

सुनावणीच्या दिवशी सर मागच्या बाकावर येऊन बसले होते. ती आत शिरताच त्यांनी तिला जवळ बोलावून वाईट बातमी दिली. "न्यायाधीशांची दाढ सुजलीय. सकाळपासून तीन अर्ज फेटाळलेत. आज कायदा त्या दाढेत आहे, पोरी. जपून." समोर न्यायाधीश गालाला हात लावून बसले होते. आजोबा पहिल्या बाकावर होते, आणि साहेब बाकाखाली पुढच्या पायांवर हनुवटी टेकून. आपल्याविषयीच चाललंय हे जणू त्याला ठाऊक होतं.

न्यायाधीशांनी पणवकिलाला आधीच बजावलं, की तुम्ही या घटनेतच आहात, तेव्हा साक्षीदाराला तुम्ही प्रश्न विचारायचे नाहीत. तो बसला. शेजाऱ्यांच्या वतीनं एक वकीलबाई उभ्या राहिल्या, सोनेरी काड्यांचा चष्मा, आवाज लोण्यासारखा. तिनं शपथ घेतली आणि त्या दिवशी पाचची घंटा झाली तेव्हा खिडकी रिकामी होती, हे सांगितलं.

त्यांनी विचारलं, विश्रांती किती वेळाची. दहा मिनिटांची. तुम्ही किती वेळ बसलात. पाचची घंटा होईपर्यंत. नोकरीत असं पूर्वी कधी झालं होतं का. कधीच नाही.

"मग त्या दिवशी काय झालं?"

"वाद चालला होता."

"कशावर?"

"कायदा म्हणजे काय, यावर."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांचा हात दाढेवरच होता. वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "कुणाशी?" तिनं बोट दाखवलं. वकीलबाई त्याच्याकडे, मग तिच्याकडे पाहून गोड हसल्या.

"यांचं आणि तुमचं नातं काय?"

तिला कळलं, सापळा हाच. 'काही नाही' म्हटलं की सुटका. आणि ते खोटंही नव्हतं. रक्ताचं नातं नाही, लग्न नाही, वचन नाही, कुणी कुणाला एक शब्दही दिलेला नाही. खिडकीवाल्यांच्या हिशेबानं 'काही नाही' हे उत्तर अगदी कायदेशीर होतं. उलट खरं सांगितलं तर ही बाई म्हणणार, पाहा, प्रेमात पडलेल्या मुलीची साक्ष. आजोबांचं अपील तिथेच कोसळेल. तिनं साहेबाकडे पाहिलं, मग पणवकिलाकडे. पणवकील मान खाली घालून बसला होता. त्याच्या बोटांनी बाकाची कड घट्ट धरली होती.

म्हणजे अक्षर खरं आणि उत्तर खोटं, असंही असतं. इतके दिवस तो छत्रीखाली हेच तर सांगत होता.

"कागदावर काही नाही," ती म्हणाली. "पण…"

घड्याळबाईच्या तोंडून 'पण' कोर्टानं पहिल्यांदाच ऐकला. त्यानं चमकून वर पाहिलं.

"पण वाद हे निमित्त होतं. त्या आठवड्यात आमचे वर्ग संपणार होते. यांनी उठून जाऊ नये, म्हणून मी वाद वाढवला. माझं यांच्यावर प्रेम आहे. यांना ते माहीत नव्हतं. आत्ता कळलं असेल."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण तिनं नजर खाली केली नाही.

वकीलबाई अशी संधी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "म्हणजे प्रेमापोटी तुम्ही चहाच्या सुट्टीचा नियम वाकवलात. मग प्रेमापोटीच ही साक्षही वाकवत नाही कशावरून?"

"वाकवायचंच असतं तर त्या संध्याकाळी शिक्का माझ्या हातात होता. खोलीत बघणारं कुणी नव्हतं. अपिलावर पाचच्या आतली वेळ पडली असती, आणि मला आज इथे उभं राहावंच लागलं नसतं."

न्यायाधीशांनी अपिलाचं पहिलं पान मागवलं. शिक्का डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. गालावरचा हात पहिल्यांदाच खाली आला.

"चाक मागे फिरतं?"

"फिरतं, साहेब."

"ते फिरवा, असं तुम्हाला कुणी सुचवलं होतं?"

हा प्रश्न तिच्या डोक्यातच आला नव्हता. खरं सांगितलं तर त्याची सनद जाणार, आणि खोटं तिला येत नव्हतं. तिनं ओठ उघडले. शपथ घेतलेला उजवा हात तिनं कठड्यावर घट्ट दाबला…

"मी सुचवलं होतं, साहेब."

तो उभा होता. चेहरा पांढराफटक, पण आवाज सरळ. "यांनी ऐकलं नाही. त्या रागात मी यांना नको ते बोललो. जे बोललो ते चूक होतं."

न्यायाधीशांनी शिक्क्याचं पान खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, साक्षीदाराच्या बाकीच्या जबाबाला तुमची काही हरकत आहे का. सगळं कोर्ट त्याच्या 'पण'ची वाट बघू लागलं. सरांनी तर मागच्या बाकावर कपाळाला हात लावला.

"नाही, साहेब," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "मान्य आहे."

"सगळं?"

"शब्द न् शब्द."

हुकूम तिथल्या तिथे सांगितला गेला. खिडकी पाचपर्यंत उघडी राहील, असं कोर्टाची स्वतःची पाटी सांगते. ती राहिली नाही. कोर्टानं आपलाच नियम मोडायचा आणि त्याची शिक्षा एका अंध माणसानं भोगायची, हे चालणार नाही. शिवाय स्वतःचं एवढं नुकसान करून घेणारं खोटं कुणी बोलत नाही, म्हणून साक्ष ग्राह्य. उशीर माफ, अपील दाखल, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत कुत्रा घरातच राहील. वकिलाला सक्त ताकीद. दाखल-खिडकीच्या कर्मचाऱ्याकडून खात्यानं खुलासा मागवावा. मग न्यायाधीशांनी बाकाखाली बोट दाखवलं. "आणि वकीलबाई, या कोर्टाच्या दारावरही प्राण्यांना मनाई अशी पाटी आहे. सकाळपासून हा इथे बसलाय, शिपायानं स्वतः त्याला दार उघडून दिलं. अपिलाच्या वेळी याचा जरा विचार करून या." एवढं बोलून ते दाढ धरून उठले.

सर बाहेर पडता पडता पुटपुटले, की दाढ दुखत असताना इतका चांगला निकाल लागला, आता माझी टिपणं पुन्हा लिहावी लागणार. आजोबांनी काठी चाचपत तिचा हात शोधला आणि नुसता दाबला. साहेब मात्र दोघांच्या मध्ये उभा राहून शेपूट हलवत राहिला.

खात्यानं तिची वर्षाची पगारवाढ रोखली आणि लेखी समज दिली. ती समज तिनं मुकाट्यानं घेतली, चूक झालीच होती. खिडकी तिच्याकडेच राहिली.

आणि मग एका पावसाळी संध्याकाळी, घंटेच्या ठोक्याला, शटरखाली पुन्हा एक हात आला.

"हात काढा," ती म्हणाली.

"पण आज शेवटचा दिवस नाहीये. उद्या आणलं तरी चालेल."

"मग उद्या आणा."

शटर खाली आलं. तिनं शिक्क्यावर झाकण घातलं, दिवा मालवला, बाजूच्या दाराला कुलूप लावलं आणि बाहेर आली. तो भिंतीला टेकून उभा होता, नेहमीप्रमाणे छत्रीशिवाय.

"काय आणलं होतंस?"

"काही नाही. फाइल रिकामी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी तुला शपथेवर बोलावं लागलं. मला कुणी शपथ दिली नाही, म्हणून माझं राहून गेलं. माझंही… म्हणजे, पहिल्या दिवसापासून. शटर खाली येताना तुझा चेहरा दिसला, तेव्हापासूनच."

तिनं छत्री उघडून त्याच्या हातात दिली. दोघं पायऱ्या उतरले. त्यानं सवयीनं छत्री तिच्याकडे कलती केली, आणि त्याच्या डाव्या खांद्यावर पाणी पडायला लागलं. तिनं दांडा धरला, छत्री ओढून बरोबर मधोमध आणली.

"आता तू भिजशील," तो म्हणाला.

"भिजू दे. सगळ्यांना सारखी."

तो 'पण' म्हणेल म्हणून ती थांबली होती. त्यानं नुसता दांड्यावरच्या तिच्या हातावर हात ठेवला. बसथांब्यापर्यंत तिचा उजवा आणि त्याचा डावा खांदा भिजत राहिला.